सोवळ्यातली जपानी राणी

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात चार कपाटं, दोन टेबलं, सहा खुर्च्या आणि एक वाचक आहे. वाचक म्हणजे सी विंगमधली करिश्मा. ती आमची पुस्तकं वाचायला येत नाही, स्वतःची घेऊन सीएचा अभ्यास करायला येते. तिच्या घरी दिवसभर पाव्हणे, आणि पाव्हण्यांच्या तोंडी तिचं लग्न. पण खुर्चीत बसून पान उलटणाऱ्या माणसाला मी वाचकच म्हणते. इतकं मोठं मन ठेवल्याशिवाय कोलशेतात वाचनालय चालवता येत नाही.

तर या खोलीवर आमचा सेक्रेटरी धनेश याचा डोळा होता. त्याला तिथे पार्सलं ठेवायची होती.

"काकू, गेटवर रोज दोनशे पार्सलं येतात," तो म्हणाला. "तुमच्याकडे रोज किती जण येतात?"

"अरे, असं संख्येवर जाऊ नये."

"किती?"

"एक."

"मग? तिला मी माझ्या घरी टेबल देतो."

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. उत्तर येत नसलं की मुलं छताकडे बघतात, तसं मी छताकडे बघितलं. शेवटी धनेशला दया आली. नऊ मार्चच्या रविवारी जनरल बॉडीची सभा होती. तोवर वाचनालयात एखादं प्रदर्शन लावून शंभर माणसं ते बघून गेल्याच्या सह्या दाखवल्या, तर खोली माझी आणि करिश्माची. नाहीतर सोमवारी लोखंडी रॅक.

"साड्यांचं प्रदर्शन लाव," आमचे हे, म्हणजे रवींद्र, पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "शंभर काय, पाचशे येतील."

पण मला त्या वर्षी जपान लागलं होतं. एखाद्याला दमा लागावा तसं. लहानपणी आईच्या जात्याशी बसून ओव्या ऐकलेल्या माझ्या कानाला म्हातारपणी त्यांच्या तीन ओळींच्या कवितांनी धरलं. आपली ओवी साडेतीन चरणांची, त्यांची कविता तीन ओळींची. फरक काय तो अर्ध्या चरणाचा, आणि तेवढ्यासाठी मध्ये एवढा समुद्र! मी भाषांतरं वाचली, सिनेमे पाहिले, ठाण्यात कुठे जपानी चित्रांचं प्रदर्शन लागलं की रिक्षा करून गेले. घरात चहा दोन्ही हातांनी कप धरून, थोडं वाकून द्यायला लागले. रवींद्र म्हणाले, "कंबर धरलीय का?"

माझी जुनी विद्यार्थिनी कल्पिता डोंबिवलीत जपानी भाषेचे वर्ग घेते. तीन वर्षं तिकडे राहून आलेली. तिच्याकडे पंधरा बाहुल्यांचा संच आहे, हे मला ठाऊक होतं. जपानात तीन मार्चला मुलींचा सण असतो. लाल कापड घातलेल्या सात पायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार मांडतात. सगळ्यात वर राजा-राणी, मग दासी, वादक, मंत्री, नोकर. राणी वीतभर उंच, अंगावर बारा पदरी रेशीम, आणि चेहरा असा पांढरा की चांदण्यात दळलेलं तांदळाचं पीठ.

"न्या ना, बाई," कल्पिता म्हणाली. "फक्त हातमोजे घालून धरा. चेहऱ्याला बोट लागता कामा नये. एक डाग पडला तर निघत नाही." मग हसत म्हणाली, "आणि तिकडे म्हणतात, तीन तारखेच्या संध्याकाळी बाहुल्या आवरल्या नाहीत, तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं. तुम्ही ठेवा नऊपर्यंत. मला काय!"

मला तो समज इतका गोड वाटला की मी तो एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून काढला आणि ‘समज’ या शब्दाखाली तांबडी रेघ मारली. त्या रेघेवर माझा फार भरवसा होता.

आता परवानगी. आमच्याकडे काहीही करायचं तर सोसायटीच्या ॲपवर अर्ज भरावा लागतो. ‘माननीय’च्या पुढे स्वल्पविराम हवा की नको यावरून मी पिढ्यांचे गुण कापले आहेत, पण ॲपला माननीय लागत नाही, त्याला कार्यक्रमाचा प्रकार लागतो. मी ‘सांस्कृतिक’ दाबलं. त्यानं विचारलं, कलाकारांची संख्या? मी प्रामाणिकपणे पंधरा लिहिलं. त्यानं पंधरा जणांची आधार कार्डं मागितली. ‘विक्री’ दाबलं, तर दुकानाचा परवाना. ‘वाढदिवस’ दाबलं, तर कितवा? शेवटी ‘धार्मिक’ दाबलं, आणि एक अक्षर न विचारता हिरवी खूण उमटली. देवाला कागद कोण मागणार!

पाचव्या मिनिटाला साडेतीनशे फोनांवर संदेश गेला: ‘१ ते ९ मार्च, वाचनालयात धार्मिक कार्यक्रम. सर्वांनी तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा.’ तीर्थप्रसाद ॲपनं स्वतःच्या मनानं घातला होता.

सात पायऱ्या मिळाल्या शकूकडून. शकू म्हणजे करिश्माची आई. ही सोसायटी उभी आहे ती जमीन तिच्या सासरची. त्या बदल्यात घरात दहा फ्लॅट आले, म्हणजे सभेत दहा मतं, आणि ती दहाही शकूच्या भुवईवर हलतात. तिनं गौरी-गणपतीच्या आपल्या पायऱ्या पाठवून दिल्या. मी त्यांवर लाल कापड अंथरलं, हातमोजे चढवून दरबार मांडला, बाजूच्या टेबलावर जपानी कवितांची पुस्तकं ठेवली, दाराशी सह्यांची वही ठेवली आणि शनिवारी सकाळी उंबऱ्यात उभी राहिले.

आल्या. अशा आल्या की मला गहिवरून आलं. मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. प्रत्येकीच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा, कुणाकडे ओटी, कुणाकडे गजरे. एकीनं पातेलंभर पन्हं आणलं होतं.

"काय गो बाय," सगळ्यांत पुढे असलेल्या शकूनं दारातूनच विचारलं, "गौर यवढे लवकर बसवलीस? चैत त अजून लय लांब हाय."

"अहो, ही गौर नाही, ही जपान..."

"आसंल. तिकडं लवकर बसत आसंल." असं म्हणून तिनं चिमटीत कुंकू घेतलं आणि हात थेट राणीच्या कपाळाकडे नेला.

शाळेच्या क्रीडादिनाला मी तीस वर्षांत एकदाही धावले नाही. त्या दिवशी धावले. पन्ह्याचं पातेलं ओलांडलं, मध्ये आडवी झाले, आणि तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतं. ते माझ्या आजीचं असणार.

"थांबा! सोवळ्यात आहे!"

शकूचा हात हवेत.

"कसला सोवला?"

"कडक," मी म्हटलं. आता मागे फिरणं नव्हतं. "आवरेपर्यंत शिवायचं नाही. मी सुद्धा अशीच शिवते." आणि पांढरे हातमोजे वर करून दाखवले.

शकूच्या सासूबाई, मालन आजी, ऐंशीच्या पुढच्या. जन्म मिठागरात गेलेला, उन्हातल्या मिठानं डोळे कायमचे बारीक झालेले. त्यांनी ते डोळे आणखी बारीक करून हातमोज्यांकडे पाहिलं आणि हात जोडले. "गोरे देवीचा सोवला पन गोराच."

कुंकू पायरीखाली ठेवलेल्या पाटावर वाहिलं गेलं. नारळ सतरा आले. वहीत अडतीस सह्या पडल्या. अभिप्रायाच्या रकान्यात ‘जपानी काव्यपरंपरेविषयी आपले मत’ असं मी छापून घेतलं होतं. त्याखाली उत्तरं अशी: ‘देवी छान. मूर्ती लहान.’ ‘पन्ह्यात वेलची हवी होती.’ ‘पार्किंगमधील पाण्याच्या गळतीकडे लक्ष द्यावे.’

रात्री जेवताना रवींद्र म्हणाले, "तू चक्क देव केलास की गं."

"मी बाहुल्या वाचवल्या."

"बाकीचे देवही असेच झाले असतील," असं म्हणून त्यांनी आमटी ओढली.

रविवारी सिनेमा होता. भिंतीवर पडदा म्हणून चादर. एका जपानी म्हातारीची गोष्ट: तिचा छत्र्या दुरुस्त करणारा नवरा वारलेला, आणि दुरुस्तीला आलेली शेवटची छत्री न्यायला कुणी येत नाही. सिनेमाभर ती वाट बघते. चादर लहान पडली आणि खालच्या भाषांतराच्या ओळी कपाटातल्या विश्वकोशाच्या पाठींवर सांडल्या. कुणाला काही वाचता येईना. मी उठून समजावून सांगणार, तोच अंधारातून मालन आजींचा आवाज सुरू झाला.

"पोऱ्या आयला. ती बोलतं, जेवलास का? तो बोलतो, भूक नाय. खोटा बोलतो."

"कशावरून गो, आई?" शकूनं विचारलं.

"चपला काढताना बघ ना त्याचे पाय. लय चालून आयलाय."

दीड तास आजींनी सिनेमा सांगितला आणि चौदा बायका मुसमुसत बसल्या. रवींद्र सुरुवातीलाच झोपले होते, ते रडण्यानं जागे झाले. घरी जाऊन मी तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. म्हातारी विचारते, जेवलास का? मुलगा म्हणतो, भूक नाही. मी फोन बंद केला. वर्षभर मी पुस्तकांच्या नावेतून जो समुद्र ओलांडत होते, तो आजींनी नुसत्या पायांकडे बघून ओलांडला होता.

पण गहिवरायला सवड नव्हती. सोमवार उजाडला, तारीख तीन. दुपारी करिश्मा अभ्यासाला आली, मागोमाग शकू तिला डबा द्यायला. डबा देता देता तिची नजर माझ्या सुवाच्य पुठ्ठ्यावर गेली.

"वाच गो, काय लिवलाय?"

करिश्मानं वाचलं. चांगलं खणखणीत वाचलं. ‘समज’ या शब्दावर मात्र अजिबात जोर दिला नाही.

शकूचा चेहरा राणीसारखा झाला. "बाय! आयतवारी संध्याकाळी शहाडची पार्टी येनार हाय हिला बघाला! आनि तू नऊ तारखेपरत मांडून बसलीस?"

"शकू, तो नुसता समज आहे. जपानातला. आपण जपानी नाही."

"पन देवी जपानी हाय ना!"

देवी तर तिला मीच करून ठेवलं होतं. अर्ध्या तासात बातमी तिन्ही विंगांत गेली. ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या त्या आल्या, नव्हत्या त्या त्यांच्या सोबतीला आल्या. मी वही पुढे केली: एकसष्ट सह्या झाल्यात, एकोणचाळीस राहिल्यात, बाहुल्या गेल्या तर बघायला कोण येणार, खोली जाईल, करिश्मा कुठे बसेल? शकू म्हणाली, "लगीन झाल्यावर नवऱ्याचे घरी बसंल." करिश्मा खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होती.

संध्याकाळी आवराआवर झाली. आवराआवर कसली, पाठवणी! दहीभात आला. अक्षता पडल्या. मी हातमोजे घालून एकेक बाहुली उचलत होते, करिश्मा चेहऱ्यांना गुंडाळायला पातळ कागद देत होती, शकू खोक्यांना चिकटपट्टी मारत होती. मालन आजी पायरीशी बसून गात होत्या:

लांबचे देशाची राणी, आयली माजे पायरीला,
तहान लागली आसंल, पानी द्या गो सोयरीला.

ऐकून माझे डोळे असे भरले की पुढची दहा मिनिटं मी काय उचललं आणि काय गुंडाळलं ते देव जाणे. कुठला, ते विचारू नका.

मंगळवारी सकाळी कल्पिताच्या यादीशी ताडून बघायला खोकी उघडली. चौदा. पुन्हा मोजल्या. चौदा. राजा होता. राणी नव्हती.

कुणाची तरी ठेव माझ्याकडून हरवणं हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मी पायऱ्यांखाली पाहिलं, नारळांच्या ढिगात पाहिलं, दहीभाताच्या पातेल्यात सुद्धा पाहिलं. मग धनेशकडे गेले. त्यानं सीसीटीव्ही लावला. वाचनालयाचा कॅमेरा बसवल्या दिवसापासून पार्किंगकडे बघत होता. पाण्याच्या गळतीचं चित्रण मात्र उत्तम होतं. गेटवरच्या वॉचमननं हरवलेल्या वस्तूंच्या रजिस्टरात ‘छत्री’ आणि ‘डाव्या पायाची चप्पल’ यांच्या खाली लिहून घेतलं: ‘राणी, जपान, एक नग.’

आणि धनेशनं, मदत म्हणून, ॲपवर टाकलं: ‘वाचनालयातून देवी नाहीशी झाली आहे. कोणास आढळल्यास कळवावे.’

देवी असताना जे आले नव्हते ते आता आले. पुरुष आले. शेजारच्या सोसायटीतले आले. कोऱ्या लाल पायऱ्यांपुढे उभे राहून हळहळायचे, वरच्या रिकाम्या जागेचा फोटो काढायचे, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की जणू मीच तिला काही बोलले असेन. एक गृहस्थ तर समजूत काढत म्हणाले, "सोवळ्यात काही चूक झाली असेल, बाई. होतं." मी, जिनं आयुष्यात एक उपास पुरा केला नाही! सगळ्यांनी सह्या केल्या. शनिवारी संध्याकाळी वहीत एकशे त्रेचाळीस नावं होती. पंधरा बाहुल्यांना जमलं नाही, ते एका रिकाम्या जागेनं केलं. तीन ओळींच्या त्या कवितांत म्हणे न लिहिलेलंच खरं असतं; इतकं शब्दशः मला नको होतं.

कल्पिताला फोन करायला मी पाचदा नंबर काढला आणि पाचदा ठेवून दिला.

रविवारी सभा वाचनालयातच भरली. मी वही धनेशपुढे ठेवली.

"काकू, सह्या आहेत," त्यानं पानं चाळत म्हटलं. "पण ठरलं होतं की शंभर जण प्रदर्शन बघून जातील. मंगळवारपासून इथे प्रदर्शन होतंच कुठे? त्या ब्याऐंशी सह्या मी कशा धरू? लोक रिकाम्या पायऱ्या बघून गेलेत."

"रिकाम्या पायऱ्या सुद्धा..." मी सुरुवात केली, पण त्यानं वही मिटली. समोर रॅकवाल्याचं पत्रक उघडं पडलं होतं. मापं सुद्धा लिहून झाली होती.

तेवढ्यात करिश्मा उठली. सरळ कपाटाशी गेली, विश्वकोशाचे दोन खंड काढले, आणि त्यांच्या मागून पातळ कागदात गुंडाळलेली राणी बाहेर काढली. हातात माझे हातमोजे. डाग नाही, सुरकुती नाही.

"मी ठेवली होती," ती म्हणाली. "सोमवारपासून. काकू, सॉरी. विश्वकोशाच्या मागे कुणी हात घालणार नाही, याची खात्री होती."

अपमान कुठून येईल, सांगता येत नाही.

"का गो?" शकू उभी राहिली होती.

"आवरली नाही तर लांबतं ना? म्हणून नाही आवरली." ती आईकडे वळली. "सप्टेंबरात माझी शेवटची परीक्षा आहे, आई. मी घरी सांगून दमले. माझं कुणी ऐकत नाही. हिचं सगळे ऐकतात. म्हटलं, हिलाच सांगू दे."

"तू मानतंस ह्या?"

"मी नाही मानत. पण तू मानतेस."

खुर्च्या करकरल्या. मागच्या बाजूला बायकांची कुजबुज सुरू झाली. सोमवार ते रविवार, सहा दिवस वर झाले! मग एकीनं विचारलंच, "बाई, तुम्ही वाचलंय ना सगळं? सहा दिवस उशीर, म्हणजे लग्न किती लांबतं?"

सगळी खोली माझ्याकडे वळली. पुस्तकात असं कोष्टक कुठेही नाही. तीस वर्षं मी मुलांना बजावलं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. मी करिश्माकडे पाहिलं. ती राणीला दोन्ही हातांत धरून उभी होती, आणि दोघींच्या चेहऱ्यांचा रंग एकच होता.

"दिवसाला एक महिना," मी म्हटलं. "सहा महिने. तोवर बघायचा कार्यक्रम सुद्धा करू नये. जुन्या ग्रंथांत आहे."

रवींद्रांना ठसका लागला.

शकू आधी मुलीकडे, मग माझ्याकडे, मग त्या चिमुकल्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून फोन लावला. "शहाडवाले का? नका येऊ आज. नाय, नाय, पोरीचा काय नाय, देवीचा हाय... जपानचे... ते समोर आल्यावर सांगन." फोन ठेवला आणि धनेशकडे वळली. "सा महिने पोरीना बसाला जागा लागंल. तुझे रॅक तुझे हॉलमदी लाव. आमची दहा मतं लिव."

"पण काकी, सह्यांचा प्रश्न..."

"ब्याऐंशी मानसा देवीला शोधाला आयली, ती खोटी? लिव."

धनेशनं लिहिलं.

सभा उठली. पायऱ्या उतरवून द्यायला मी आणि शकू दोघीच मागे राहिलो. करिश्मा टेबलाशी बसून पुस्तक उघडत होती. लाल कापडाची एक बाजू मी धरली, एक शकूनं. घड्या घालत घालत आम्ही जवळ आलो, तशी ती हळूच, मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"वरीस सांगितला असतास तरी चालला असता, बाय."